कॅप्रीत नेमकं काय विकत मिळतं?

पुण्यात तुळशीबागेत किंवा एफसी रोडवर ‘कॅप्री’ मागा. दुकानदार घोट्याच्या बराच वर संपणारी पँट काढून देईल. आमच्या घरी तिला कधी कॅप्री म्हणतात, कधी थ्री-फोर्थ. हे एका बेटाचं नाव आहे हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, आणि दुकानदाराला ते माहीत असण्याची गरजही नाही. गंमत म्हणजे ही पँट त्या बेटावर जन्मलेलीच नाही. सोन्या द लेनार्ट नावाच्या जर्मन डिझायनरने १९४८ मध्ये ती केली आणि आवडत्या बेटाचं नाव तिला दिलं. नेपल्सच्या आखातातल्या साडेदहा चौरस किलोमीटरच्या एका खडकाचं नाव असं जगभरच्या कपड्यांच्या ढिगात जाऊन पडलं. बेटाला त्याचे पैसे मिळाले नाहीत. पण नाव झालं, आणि आज कॅप्रीवर जे काही विकलं जातं ते बव्हंशी या नावावरच विकलं जातं.

हा लेख कॅप्रीतल्या खरेदीबद्दल आहे. कुठे काय स्वस्त मिळतं ते मी सांगणार नाही, कारण स्वस्त काहीच मिळत नाही. एखादं पुस्तक किंवा सिनेमा आपण जसा वाचतो, तशी तिथली दुकानं वाचून बघायची आहेत.

खरेदीचं एवढं गंभीर काय, असं वाटू शकतं. मराठी प्रवासवर्णनांत तरी तसंच वाटत आलंय. गावच्या आठवडी बाजारावर आपल्याकडे जीव ओतून लिहिलं जातं. तिथली भाकरीएवढी वांगी, घासाघीस, बैलांचे दात मोजणारे म्हातारे, हे सगळं साहित्य असतं. पण लेखक परदेशात गेला की चित्रं, चर्च आणि समुद्र साहित्यात येतात आणि खरेदी विनोदात जाते. बायको दुकानात शिरते, नवरा बाहेर पिशव्या धरून उभा, पुढे चलनाचा हिशेब आणि एक कोटी. हा विनोद बाईच्या खर्चाने होतो, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग असा की ज्या जागेचं पोटच खरेदीवर चालतं, तिथे खरेदीकडे न बघता फक्त सूर्यास्त बघणारा लेखक अर्धीच जागा बघतो. सिनेमाचंही तेच. गोदारच्या १९६३ च्या ‘ल मेप्री’मध्ये कॅप्री म्हणजे कडे, समुद्र आणि मालापार्तेच्या घराचं लाल छप्पर. फ्रेम इतक्या सुंदर आहेत की या बेटावर कुणीतरी कुणाला तरी काहीतरी विकत असेल अशी शंकाही येत नाही.

मी ऑक्टोबरमध्ये गेले होते. कंपनीच्या कामासाठी इटलीत होते, एक शनिवार मोकळा मिळाला. नेपल्सहून जलद बोटीने पाऊणएक तास लागतो. निळ्या गुहेसाठी सगळे एका रांगेत उभे राहिले, मी दुसऱ्या रांगेतून फ्युनिक्युलर पकडून वर गेले. दिवसभर दुकानं बघितली आणि जवळजवळ काहीच घेतलं नाही.

वर पोचल्यावर पिआत्सेत्ता लागते. नावाप्रमाणेच छोटा चौक: घड्याळाचा मनोरा, चार कॅफे आणि त्यांच्या खुर्च्या. तिथून खाली उतरणारा रस्ता क्विसिसाना हॉटेलपाशी येतो आणि पुढे सुरू होते व्हिया कामेरेल्ले. ‘कामेरेल्ले’ म्हणजे छोट्या खोल्या. इथे रोमन काळातल्या कमानदार खोल्यांची एक रांग होती, त्यावरून हे नाव पडलं. आता या रस्त्यावर गुची आहे, लुई व्हितॉन आहे. मोटारी इथे येत नाहीत. गल्ल्या अरुंद, म्हणून माल छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांवरून येतो. फरशी स्वच्छ, भिंती पांढऱ्या, बोगनवेल हवी तिथेच फुललेली.

या दुकानांसमोर उभं राहिल्यावर मला माझं रोजचं काम आठवलं. आमच्या धंद्यात सीडीएन नावाची व्यवस्था असते. तुम्ही मुंबईत व्हिडिओ लावला की तो अमेरिकेतल्या मूळ सर्व्हरवरून येत नाही. त्याची एक प्रत तुमच्या जवळपासच्या सर्व्हरवर ठेवलेली असते, तीच मिळते. मूळ एकच, प्रती जगभर. कामेरेल्लेवरची बडी दुकानं अशीच आहेत. तीच बॅग दुबईत मिळते, मुंबईच्या मॉलमध्ये मिळते, विमानतळावरही मिळते. मग कॅप्रीत येऊन ती का घ्यायची? काचेच्या आत त्याचं उत्तर ठेवलेलं असतं. त्या वर्षीच्या रंगातला एखादा टॉवेल, एखादी विणलेली पिशवी, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत बेटाचं नाव. बॅग कंपनीची असते. कॅप्रीची असतात ती पाच-सहा अक्षरं, आणि किंमत त्यांचीही लागते.

मला हा रस्ता कंटाळवाणा वाटला. महाग आहे म्हणून नव्हे. त्याच्याकडे सांगण्यासारखी गोष्टच नाही, म्हणून. पांढरी भिंत, बोगनवेल आणि बेटाचं नाव एवढ्या सामग्रीवर तो उभा आहे. उद्या हीच सामग्री दुसऱ्या बेटावर नेली तर नावातली अक्षरं बदलतील, बाकी नगाला नग सारखा राहील.

पण गोष्टीवर किंमत ठरणं ही या बेटावरची नवी चाल नाही. कॅप्रीतला सगळ्यांत जुना नोंदलेला सौदा खुद्द बेटाचाच आहे. रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो की सम्राट ऑगस्टस कॅप्रीला उतरला तेव्हा तिथल्या एका जुन्या ओकच्या झाडाच्या वाळून लोंबणाऱ्या फांद्या पुन्हा टवटवीत झाल्या. सम्राट इतका खूश झाला की नेपल्सला इस्किया बेट देऊन त्याने बदल्यात कॅप्री घेतलं. हे इ. स. पूर्व २९ च्या आसपासचं. इस्किया कॅप्रीच्या चौपटीहून मोठं आहे, तिथली जमीन सुपीक आहे, गरम पाण्याचे झरे आहेत. व्यवहार म्हणून बघितला तर नेपल्सने सम्राटाला चांगलाच गुंडाळला. पण सम्राटाला जमीन नको होती. त्याच्या येण्याने झाड जिवंत झालं ही गोष्ट त्याला हवी होती, आणि ती एकाच बेटावर मिळत होती. दोन हजार वर्षांनी क्रेडिट कार्ड घेऊन बोटीतून उतरणारे लोक याहून वेगळं काय करतात?

म्हणून ‘गोष्ट सांगून विकतात’ ही तक्रार मला पुरेशी वाटत नाही. गोष्ट चांगली की वाईट, आणि वस्तूशी तिचं नातं काय, हे बघायला हवं.

कार्थुसिया हा कॅप्रीचा अत्तरांचा ब्रँड. त्यांची गोष्ट अशी: १३८० मध्ये नेपल्सची राणी जोव्हान्ना बेटावर आली. कार्थुसियन मठाच्या प्रमुखाने तिच्यासाठी रानफुलांचा गुच्छ केला. तीन दिवसांनी फुलं काढून टाकताना त्या पाण्याला अनोळखी सुगंध येतोय असं लक्षात आलं, आणि ते बेटाचं पहिलं अत्तर. पुढे १९४८ मध्ये मठातच जुनी सूत्रं सापडली, पोपच्या परवानगीने ती एका रसायनतज्ज्ञाला दिली गेली आणि कंपनी सुरू झाली. मठ खरा आहे, चौदाव्या शतकातला आहे, आजही उभा आहे. बाकी गोष्ट मात्र फारच बेतशीर आहे. राणी आहे, साधू आहे, अपघाताने लागलेला शोध आहे, हरवून सापडलेलं हस्तलिखित आहे. कादंबरी असती तर संपादकाने यातलं निम्मं काढायला लावलं असतं. तरी ही गोष्ट मला कामेरेल्लेवरच्या टॉवेलपेक्षा बरी वाटते. ती या बेटाच्या मातीतल्या फुलांबद्दल बोलते. गोष्ट खोटी ठरली तरी अत्तर हुंगून बघता येतं.

लिमोनचेल्लोची गोष्ट थोडी वेगळी. लिंबाच्या सालीची ही दारू आपलीच, असं कॅप्री म्हणतं, सोरेंतो म्हणतं आणि अमाल्फीही म्हणतं. घराघरांत होणारी वस्तू, तिचा पहिला कर्ता कोण हे ठरवणार कसं? कॅप्रीतल्या एका उद्योजकाने १९८८ मध्ये आपल्या लिमोनचेल्लोचा ट्रेडमार्क नोंदवून टाकला. म्हणजे वाद गोष्टीच्या मैदानात सुटला नाही म्हणून रजिस्टरमध्ये सोडवला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सँडल. कॅप्रीत खरेदीचा कस लागतो तो इथे. कानफोरा हे त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं दुकान, १९४६ पासूनचं, क्विसिसाना हॉटेलच्या समोर. जॅकी केनेडी इथून सँडल घ्यायची, आणि तिच्या नावाने ‘के’ हे मॉडेल अजूनही विकलं जातं. पण असे कारागीर बेटावर इतरही आहेत. मी एका साध्या दुकानात तासभर बसले होते. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच. तळ तयार असतात, मापानुसार मांडलेले. पट्टे भिंतीवर टांगलेले, तुम्ही निवडायचे. मग कारागीर तुमचा पाय तळावर ठेवायला सांगतो, पट्टा ओढून बघतो, खूण करतो, पाय काढायला लावतो, ठोकतो, पुन्हा घालून बघायला सांगतो. पायाच्या हाडापाशी पट्टा घासत असेल तर पुन्हा काढतो. किंमत शंभर-दीडशे युरोंच्या घरात आणि पुढे.

कॅप्रीत मी बघितलेल्या वस्तूंपैकी ही एकच अशी होती जिची प्रत आधीपासून दुसरीकडे ठेवून देता येत नाही. माझा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित रुंद आहे. ते त्या माणसाला माझ्या आधी कळलं. इथे किमतीत जॅकी केनेडीची गोष्ट आहेच, आणि बेटाचं नावही. पण त्यांच्याखाली एक खरं काम आहे, आणि तो कामाचा माणूस गिऱ्हाइकाच्या समोर बसलेला आहे. नाव, काम आणि पैसे, तिन्ही एकाच खोलीत.

हे बघताना कोल्हापूर आठवणार नाही असा मराठी माणूस मला दाखवा.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाने पुरुषांसाठी सँडल दाखवल्या. अंगठा, पट्टा, तळ, सगळं आपल्या ओळखीचं. नाव होतं ‘लेदर सँडल’. कोल्हापूरचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यावर आपल्याकडे जो गदारोळ झाला तो तुम्हाला आठवत असेल, तुमच्या फोनवरही दोन-चार मीम आली असतील. त्यानंतर प्रेरणा भारतीय चपलांचीच असल्याचं कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्राने कळवलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: दोन हजार जोड, महाराष्ट्र-कर्नाटकात बनवलेले, किंमत साधारण ८०० युरो.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. कॅप्रीच्या बाबतीत नाव वस्तूला सोडून जगभर हिंडलं: जर्मन पँटवर, टॉवेलवर, पिशवीवर. कोल्हापूरच्या बाबतीत वस्तू नावाला सोडून मिलानपर्यंत गेली. पहिल्यात वस्तूशिवाय नाव विकलं जातं, दुसऱ्यात नावाशिवाय वस्तू. आपल्याकडची ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण इथे उलटीसुद्धा लागू पडते. हाती सोनं आणि नाव कुणाचंच नाही.

कारण कोल्हापुरी चप्पलही काही सोपी वस्तू नाही. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. शिवण चामड्याच्याच वादीची. वेण्या घालण्याचं बारीक काम अनेक घरांत बायका करतात. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे लिमोनचेल्लोवाल्यासारखं आपणही रजिस्टरमध्ये नाव घातलं होतं. तरी मिलानमध्ये नाव गळलं. रजिस्टरमधलं नाव आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यातलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅप्रीने दुसरी गोष्ट सिनेमे, फोटो, राण्या आणि सम्राट यांच्या जोरावर कमावली. चप्पल शिवणाऱ्या माणसाच्या जातीकडे बघून त्याच्या कामाकडे बघायचं टाळणाऱ्या समाजात अशी गोष्ट कोण सांगणार होतं? प्रादावर रागावणं सोपं होतं. त्या रागात हा प्रश्न कमी जणांनी विचारला.

भूमध्य समुद्र आणि आपण यांच्यातला व्यवहार तसा जुना आहे, आणि तो नेहमीच असा एकतर्फी नव्हता. कॅप्रीतल्या दागिन्यांच्या दुकानांत पोवळी भरपूर दिसतात. बेटाच्या समोर, व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी तोर्रे देल ग्रेको हे पोवळ्यांचं गाव आहे. माझ्या आजीच्या अंगठीत पोवळं होतं, मंगळासाठी. ‘इटालियन आहे’ असं सराफाने सांगितलेलं ती अभिमानाने सांगायची. भूमध्य समुद्रातल्या या लाल वस्तूला आपल्याकडे शतकानुशतकं मागणी होती. सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी लिस्बनमार्गे पोवळी गोव्याला पाठवायचे आणि गोव्याहून हिरे मागवायचे. फ्रान्चेस्का त्रिवेल्लातो या इतिहासकार बाईंनी या व्यापारावर मोठं पुस्तक लिहिलंय. गोव्याच्या बाजूचे त्यांचे व्यापारी सारस्वत होते, पत्रव्यवहार पोर्तुगीजमध्ये चालायचा. धर्म वेगळा, भाषा वेगळी, समोरासमोर भेट नाही. माल एका दिशेने गेला की दुसऱ्या दिशेने यायला महिने लागायचे. तरी सौदे व्हायचे, कारण कोण शब्द पाळतो आणि कोण बुडवतो हे पत्रांतूनच सगळ्यांना कळत असे.

त्या व्यवहारात दोन्ही टोकांच्या व्यापाऱ्यांना नाव होतं. पोवळं समुद्रातून काढणाऱ्याला आणि हिरा खाणीतून काढणाऱ्याला मात्र तेव्हाही नाव नव्हतं.

आता बिल. कॅप्री आपलं नाव विकते त्याची किंमत बेटावरचे लोक कशी मोजतात, हे बघितल्याशिवाय हे वाचन पुरं होत नाही. बेटाचं पाणी मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या पाइपाने येतं. जून २०२४ मध्ये तो पुरवठा बिघडला तेव्हा महापौरांना काही तासांसाठी पर्यटकांच्या उतरण्यावर बंदी घालावी लागली. त्याच वर्षी एप्रिल ते ऑक्टोबरसाठी बेटावर उतरण्याचा कर अडीच युरोंवरून पाच करण्यात आला. ही आमच्या भाषेत रेट लिमिटिंगची पहिली पायरी: सर्व्हर कोसळायला लागला की येणाऱ्यांवर मर्यादा घालायची. बेटावर चौदाएक हजार लोक राहतात, आणि भर हंगामात एका दिवसात तेवढेच किंवा त्याहून जास्त लोक बोटीतून उतरतात. राहती घरं सुट्टीच्या भाड्याला जातात, आणि हॉटेलांत, दुकानांत काम करणारे अनेक जण सकाळच्या बोटीने नेपल्सहून, सोरेंतोहून येतात.

पिआत्सेत्ताच्या मागे एक गल्ली आहे, व्हिया ले बोत्तेगे. नावाचा अर्थ नुसता ‘दुकानं’. माझ्या समोर एक आजी तिथून लिंबांची पिशवी आणि पाव घेऊन जिना चढत होत्या, दर दहा पायऱ्यांनी थांबत. त्या गल्लीत मी दोन संत्री घेतली. पिशवीवर काहीच छापलेलं नव्हतं.

माझं मत सांगते. कॅप्रीतली खरेदी हे तीन वेगवेगळ्या दर्जाचं लेखन आहे. कामेरेल्ले ही कॉपी-पेस्ट. अत्तर आणि लिमोनचेल्लो ही अतिशयोक्त पण स्थानिक कथा. सँडल हे खरं, अंगमेहनतीचं गद्य. वाईट एवढंच की पहिल्याचं भाडं भरण्याची ऐपत वाढत जाते आणि तिसऱ्याला लागणारी जागा कमी होत जाते. अडचण अशी की पहिलं ज्याच्यावर जगतं ती इभ्रत तिसऱ्यानेच कमावलेली आहे. कारागीर गेला तर टॉवेलवरच्या अक्षरांना काही वर्षांनी अर्थ उरणार नाही, जसा आपल्या ढिगातल्या पँटवरच्या नावाला उरलेला नाही.

कोल्हापुरीच्या बाबतीत एक नवी गोष्ट झाली आहे आणि ती माझ्या धंद्यातली असल्यामुळे मी तिच्याकडे जरा जास्त लक्ष देऊन बघते. आपल्या चर्मोद्योग महामंडळाने चपलांसाठी क्यूआर कोड आणला. स्कॅन केला की कारागिराचं नाव, गाव, चामडं कसलं, काम कसं केलं ही माहिती कळावी अशी कल्पना. डेटाबेस म्हणून बघितलं तर हे एक छोटं टेबल आहे. त्यात आणखी एक रकाना घालायला मला पाच मिनिटंही लागणार नाहीत: या जोडीमागे कारागिराच्या हातात किती पडले. ८०० युरोंच्या जोडीवर आधी तो रकाना हवा. तांत्रिक अडचण काहीच नाही. तो आकडा कोण भरू देईल, एवढंच बघायचं.